नाना, पोरीला कपाशीत न्या

पत्र (थोडक्यात):

ताई, रामकृष्णहरी. मी पारोळा तालुक्यातला कापूस पिकवणारा शेतकरी. गळ्यात माळ आहे, मुक्ताईची वारी चुकवत नाही. मुलगी जळगावला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. आखाजीला घरी आली होती. आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं आणि मी तिला भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ दाखवला. त्यात म्हटलंय की एका जीवाणूच्या शेपटीत मोटार असते, आणि ती इतकी अवघड की आपोआप होणं शक्यच नाही. अमेरिकेतले शेकडो शास्त्रज्ञ डार्विनला खोटा म्हणतात आणि त्यांनी 'इंटेलिजंट डिझाइन' नावाचं नवं शास्त्र काढलंय. मी म्हटलं, बघ, शेवटी तुमचेच शास्त्रज्ञ देवाकडे आले! ती तडकली. म्हणाली, "हे थोतांड आहे, आणि तुमचा देवही त्यातलाच." मग मीही नको ते बोललो, फी कोण भरतं ते काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली. आईशी बोलते, मी फोन घेतला की 'काम आहे' म्हणते. पोर मनासंगे बोलत नही, ताई. शास्त्रज्ञांमध्ये खरंच असा वाद आहे का? माझं काय चुकलं? आणि शिक्षण पुरं होईस्तोवर तिचा देव राहील का?

— नाना, पारोळा तालुका

उत्तर:

रामकृष्णहरी, नाना.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, तसा वाद नाही. सजीव एकमेकांपासून बदलत बदलत आले का, यावर जीवशास्त्रज्ञांमध्ये आज दोन तट नाहीत. तुमच्या व्हिडिओतली मोटार खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र जीवशास्त्राने तपासून नाकारलेला आहे. याची हकिगत सविस्तर सांगते. ती पोरीला माहीत असेल, पण रागाच्या भरात तिने तुम्हाला सांगितली नाही.

मोटारीचा दाखला मायकेल बीही या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाचा. १९९६ साली त्यांनी मांडलं की जीवाणूच्या शेपटीसारख्या यंत्रातला एक भाग काढला तरी ते बंद पडतं, म्हणून ते टप्प्याटप्प्याने तयार होऊच शकत नाही, कुणीतरी एकदम जोडलेलं असणार. ऐकायला पटतं. पण त्या मोटारीतल्या काही भागांची भावंडं प्लेगच्या जंतूतही सापडतात. तिथे शेपटी नसते, मोटार नसते, आणि तरी ते भाग रिकामे बसलेले नाहीत. समोरच्या पेशीत विष टोचण्याचं काम ते करतात. म्हणजे यंत्र अपुरं असलं तरी निरुपयोगी नव्हतं, त्याचं काम वेगळं होतं. प्रत्येक पायरी उलगडली आहे असं कुणी म्हणत नाही. पण 'अशक्य' हा शब्द तिथेच संपला.

आणि एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे आणि सगळे सजीव एका मूळ पूर्वजापासून आले, हे बीहींना स्वतःला मान्य आहे. त्यांचं भांडण फक्त इतकंच की मधे काही ठिकाणी कुणाचा तरी हात लागला. ज्यांच्या नावाने 'डार्विन खोटा' म्हणून ढोल वाजतो, त्यांनाही माणूस आणि माकड यांचं नातं मान्य आहे!

आता 'शेकडो शास्त्रज्ञ'. सिअॅटलमधल्या डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेने २००१ पासून एका निवेदनावर सह्या गोळा केल्या, त्या पुढे हजारावर गेल्या. सह्या करणाऱ्यांत इंजिनिअर आहेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत, गणिती आहेत. जीवशास्त्राचे लोक त्यात थोडेच. निवेदन तरी काय म्हणतं? फक्त बदल आणि नैसर्गिक निवड (म्हणजे परिस्थितीत जे तगतात त्यांचीच पिल्लावळ वाढते, हे) एवढ्यावरून सगळी गुंतागुंत समजते, याबद्दल आम्हाला शंका आहे. घडवणाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. यावर २००३ साली विज्ञानशिक्षणासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेने उलट यादी केली. उत्क्रांतीच्या बाजूने सही करायची, पण ज्याचं नाव स्टीव्ह किंवा तिचं स्टेफनी असेल त्यानेच. ती एका नावाची यादीही हजाराच्या पुढे गेली. सह्या मोजून सत्य ठरत नाही, हे दाखवायलाच ती केली होती.

हा विषय कोर्टातही गेला. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर या गावात २००४ साली शाळेच्या मंडळाने ठराव केला की नववीच्या मुलांना एक मजकूर वाचून दाखवायचा: डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, इंटेलिजंट डिझाइन हा दुसरा पर्याय आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो वाचायला साफ नकार दिला. मला त्या शिक्षकांचं फार कौतुक वाटतं. नोकरी त्याच मंडळाच्या हातात असताना त्यांनी हे केलं. मग अकरा पालक कोर्टात गेले. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आठवडेच्या आठवडे साक्ष देत होते, बीहीही आले. उलटतपासणीत त्यांना कबूल करावं लागलं की विज्ञानाची जी व्याख्या ते करतात, तिच्यात फलज्योतिषही बसेल. डिझाइनवाल्यांच्या पाठ्यपुस्तकाचे जुने खर्डे कोर्टात आले, तेव्हा दिसलं की १९८७ साली सुप्रीम कोर्टाने सृष्टिनिर्मितीचा धडा शाळेबाहेर काढल्यावर त्याच मजकुरात फक्त नाव बदललं होतं. २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला: हे विज्ञान नाही. हे न्यायाधीश धाकट्या बुश यांनीच नेमलेले होते, त्यामुळे धर्मविरोधकाने निकाल दिला असंही म्हणायला जागा नाही. आणि उत्क्रांतीच्या बाजूचे मुख्य साक्षीदार केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडेही हे झालंय. जानेवारी २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत म्हटलं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, डार्विन चूक आहे, तो शाळेतून काढा. दोन-तीन दिवसांत देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला नकार दिला. तिन्ही अकादम्या एका सुरात बोलतात असे प्रसंग फार येत नाहीत.

याचा अर्थ जीवशास्त्रज्ञ भांडत नाहीत असा नाही. कडाकडा भांडतात. जपानचे मोटू किमुरा १९६८ साली म्हणाले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, निवडीचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यावर कित्येक वर्षं रणकंदन झालं. लिन मार्ग्युलिस या बाईंनी मांडलं की आपल्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया हे एके काळचे स्वतंत्र जीवाणू आहेत. त्यांचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला, १९६७ मध्ये एकदाचा छापला गेला. आज तो विचार तुमच्या पोरीच्या पुस्तकात आहे. कुणाची सही गोळा न करता, शाळेच्या मंडळाला न पटवता, पुरावा देऊन त्यांनी सगळ्यांना वळवलं. वेगळं मत असलेल्याला विज्ञानात हीच वाट आहे. डिझाइनवाल्यांनी ती धरली नाही, ते सरळ शाळेच्या दारात गेले.

आता मी तुम्हाला तुमच्याच शेतात नेते, कारण या विषयात तुम्ही माझ्यापेक्षा आणि त्या व्हिडिओवाल्यापेक्षा जास्त पाहिलंय.

बीटी कपाशी, म्हणजे जिच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं ती, आली २००२ साली. सुरुवातीला बोंड उकललं की पांढरंशुभ्र, फवारणी निम्म्यावर. मग २००६ साली दोन जनुकांचं बीटी आलं. आणि २०१७ चा हंगाम तुम्ही विसरला नसाल. हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. तेव्हा पारावर लोक म्हणत होते बियाणं बोगस आलं. काही ठिकाणी बोगस असेलही. पण मूळ कारण वेगळं होतं.

बीटीचं विष अळीच्या आतड्याच्या एका ठरावीक जागी चिकटतं, मग आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. लाखो अळ्यांत एखादीची ती जागा जन्मतःच थोडी वेगळी असते. विष चिकटत नाही. बीटी यायच्या आधी त्या अळीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बीटी आल्यावर तीच जगली. तिचा पतंग झाला. आजूबाजूला दुसरे पतंग कोण? तिच्यासारखेच वाचलेले. त्यांची पिल्लं सगळी तसलीच. त्यात आपण फरदड ठेवली, मार्चपर्यंत कपाशी उभी, म्हणजे पिढ्यांवर पिढ्या सोय. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला ही अळी दाद देत नाही असं बियाण्याचं तंत्र विकणाऱ्या कंपनीनेच मान्य केलं. पुढे दुसरं बीटीही गेलं. कुणीही ती अळी घडवायला बसलं नव्हतं, नाना. ती अशी झाली.

आणि हे होणार, हे उत्क्रांती शिकलेल्यांनी आधीच सांगितलं होतं. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं दुसरं छोटं पाकीट यायचं, बिनबीटीचं, आठवतं? आपल्याकडे त्याला 'रेफ्युजी' म्हणत. बांधाच्या कडेने पाच ओळी लावायच्या. बहुतेकांनी ते फेकून दिलं, कारण मुद्दाम अळीला खायला घालायचं हे कुणाला पटणार? पण त्यामागचा हिशेब असा होता: विष पचवण्याचा हा गुण आईबाप दोघांकडून आला तरच पिल्लात दिसतो. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग वाचलेल्या पतंगांशी जुळले, की पिल्लं पुन्हा बीटीला मरणारी. अॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी ते पाळलं आणि तिथे ही अळी वर्षानुवर्षं बीटीला मरत राहिली. पुढे नपुंसक पतंगही सोडले, आणि २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.

अजून एक बघा. हिरवी बोंडअळी मात्र गुलाबीसारखी बीटीवर उसळली नाही. का? ती तूर खाते, हरभरा खाते, मका खाते. तिला साध्या पिकाचा आसरा आपोआप मिळतो. गुलाबीचं सगळं आयुष्य कपाशीवर. कोणती अळी आधी हाताबाहेर जाईल, हे या हिशेबातून कळतं. आता मला सांगा, 'कुणीतरी घडवलं' एवढं धरून चाललं तर पाच ओळी लावाव्यात की नाही हे कसं ठरवाल? त्या विचारातून उत्तर निघत नाही. घडवणारा कोण, कधी घडवलं, कसं घडवलं, पुढे काय होईल, यातलं काहीच तो सांगत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याला शास्त्र म्हणत नाहीत. देवाचा राग म्हणून नव्हे.

तुम्ही म्हणाल, ताई, अळीची अळीच राहिली ना, हत्ती तर झाला नाही. योग्य शंका आहे. मोठा बदल व्हायला लाखो-कोटी वर्षं लागतात आणि तो हाडांत वाचावा लागतो. जम्मूच्या कालाकोट भागात ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जुने दगड गोळा केले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते दगड अभ्यासकांकडे दिले. दगड फोडताना एका मांजराएवढ्या, हरणासारख्या, खुरांच्या प्राण्याच्या कवटीत कानाचं हाड दिसलं. एका बाजूला जाड. तशी जाडी देवमाशाच्या कानात असते. वय सुमारे ४.८ कोटी वर्षं. २००७ साली त्याचं वर्णन छापलं, नाव इंडोह्यस. आणि गुजरातेतल्या कच्छमध्ये पाय असलेल्या देवमाशांची हाडं निघाली आहेत. पाण्यातल्या देवमाशाचे नातेवाईक जमिनीवर चालत होते, आणि ते आपल्याच भागात.

माणसाचंही सांगते, मिलर यांनी डोव्हरच्या कोर्टात हेच सांगितलं होतं. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. नातं खरं असेल तर एक जोडी कुठे गेली? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं. गुणसूत्राच्या टोकांना असणारी विशिष्ट खूण त्याच्या मधोमध सापडली. दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेलेली. शोधायचं कुठे हे आधी माहीत होतं, तिथेच ते मिळालं.

आता तुमचा खरा प्रश्न, देवाचा. मला वाटतं, त्या व्हिडिओने तुमच्या पोरीचं जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त तुमचं केलं. तुमची भक्ती कशावर उभी आहे? मुक्ताईच्या दिंडीत तुम्ही चालता ते जीवाणूच्या मोटारीमुळे? मोटारीचा उलगडा उद्या पूर्ण झाला तर माळ काढून ठेवणार का? जे कळलं नाही तिथे देव बसवायचा, म्हणजे जसजसं कळत जाईल तसतसा देव आक्रसत जाणार. असला देव वारकऱ्याला कशाला हवा? आपल्या परंपरेने देवाचा पत्ता नामात सांगितला आहे.

घडवणारा असलाच पाहिजे हा युक्तिवाद आपल्याला नवाही नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी तो न्यायशास्त्रात मांडला: घट आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे म्हणजे त्याला कर्ता आहे. आणि त्याला विरोध करणारे बौद्ध होते, जैन होते, आणि वेद मानणारे मीमांसकही होते. काय तोलाची माणसं ती! हा वाद आजही करण्यासारखा आहे. अमळनेरचं प्रताप तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून अशाच प्रश्नांसाठी उभं आहे, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या वादाची जागा ती. त्याला प्रयोगशाळेचा कोट घालून शाळेत पाठवला की तत्त्वज्ञानही जातं आणि विज्ञानही.

शिकून देव जातोच असं नाही, राहतोच असंही नाही. आधुनिक उत्क्रांतिशास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांत थिओडोसियस डोब्झान्स्की श्रद्धावान ख्रिस्ती होते. जे. बी. एस. हाल्डेन नास्तिक होते, ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दोघांचं गणित एकच. तुमची पोरगी यातल्या कोणत्या वाटेने जाईल ते तिचं तिला ठरवू द्या. तिच्या पुस्तकात 'देव नाही' असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून 'तुमचा देवही त्यातलाच' हे तिचं वाक्य विज्ञानाचं नव्हतं, रागाचं होतं. ते तिला कधीतरी सांगा, पण आज नको.

आज आधी तुमचं. व्हिडिओ दाखवला यात काही गैर नाही, वडिलांनी मुलीला विचारावंच. पण तुम्ही विचारलं नाहीत, जिंकायला गेलात. आणि मग फी काढलीत. जी पोरगी खेड्यातून जाऊन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते, तिला रोज कुठे ना कुठे कुणीतरी कमी लेखत असतं. घरी तेच बापाने ऐकवलं. मला विचाराल तर ती रुसली आहे ती डार्विनवरून नाही, फीवरून. फोनवर तिने 'काम आहे' म्हणण्याआधी एवढंच म्हणा: "फीचं बोललो ते चुकलं. परत काढणार नाही." पुढे 'पण' लावू नका. देवाचा विषय त्या फोनवर काढू नका. ती काही बोलली नाही तरी चालेल.

मग पेरणीचं विचारा. खरंच विचारा, परीक्षा घेऊ नका. अलीकडे काही बियाण्यांत बिनबीटी मिसळूनच येतं, काहींत नाही. पाकीट तिला फोटो काढून पाठवा आणि कडेच्या ओळी कशा लावायच्या ते तिच्याकडून समजून घ्या. पोळ्याच्या सुमारास ती घरी येईल तेव्हा कपाशी फुलावर असेल. दोघं मिळून डोमकळ्या वेचा. अळीने आतून पाकळ्या विणून मिटवून टाकलेलं फूल तुम्ही लांबून ओळखता, तिला पुस्तकातून माहीत असेल पण नजर बसलेली नसेल. ते तुम्ही शिकवा. आतली अळी बाहेर काढून ती तुम्हाला काय सांगते ते ऐका. कामगंध सापळे लावाल तेव्हा रोज किती पतंग पडले ते वहीत लिहा, तिला ती वही लागेल. फरदड यंदा ठेवू नका, हे मी तिच्या वतीने आत्ताच सांगते.

आणि एक काम राहिलं. तो व्हिडिओ भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तुम्हाला आला, तिथून तो अजून फिरत असेल. त्यातल्या काहींची मुलं दहावीला आहेत, आपल्या बोर्डाच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे, आणि घरी त्यांना 'हे सगळं खोटं' असं सांगितलं जाईल. माळकऱ्याने लिहिलेलं तिथे ऐकतील, माझं ऐकणार नाहीत. त्या व्हिडिओत काय चूक आहे ते चार ओळींत ग्रुपवर टाका. मजकूर पोरीकडून लिहून घ्या, खाली नाव तुमचं घाला.